सगळे धर्म सारखे न म्हणताही माणूस एकच हे जगायचं कसं

"शेवटी सगळे धर्म एकच सांगतात हो" हे वाक्य सगळ्यात आधी बाजूला ठेवा. ऐकायला गोड आहे, कोणाचं मन दुखत नाही, चहा गार व्हायच्या आत विषय संपतो, पण ते खरं नाहीये आणि कामाचं तर अजिबात नाहीये. एका धर्मात जग निर्माण करणारा ईश्वर आहे, जैन आणि बौद्ध विचारात असा निर्माता मानलेलाच नाही. कुठे जन्म एकदाच मिळतो, कुठे पुन्हा पुन्हा. ख्रिश्चनांना येशू देवाचा पुत्र आहे आणि मुसलमानांना तोच ईसा म्हणून फार आदरणीय पैगंबर आहे पण पुत्र नाही, आणि हा फरक दोघांसाठीही किरकोळ नाही. आता असं काही मनापासून मानणाऱ्या माणसाला तुम्ही "अहो सगळं एकच" म्हणालात की त्याला वाटतं, याने माझं ऐकूनच घेतलं नाही, आणि त्याचं चुकत नाही.

मग माणूस एक आहे म्हणायचं कशाच्या जोरावर? माझं म्हणणं एवढंच की माणसांचं एकपण धर्मांच्या सारखेपणावर टांगून ठेवूच नका, कारण मग पहिला मोठा फरक दिसला की एकपण धाडकन खाली येतं. फरक राहू देत. फरक असतानाही समोरचा पूर्ण माणूस आहे, माझ्याइतकाच, हे रोजच्या वागण्यात कसं आणायचं त्याची ही गाइड समजा. श्रद्धाळू असाल तरी चालेल, नसाल तरी चालेल.

(आणि ते "सगळ्यांचं रक्त लालच" पण जरा थांबवा राव, बकरीचंही लालच असतं. विज्ञानातून काही घ्यायचंच असेल तर 2003 साली पूर्ण झालेल्या ह्यूमन जीनोम प्रोजेक्टच्या कामातून पुढे आलेली गोष्ट घ्या, कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण 99.9 टक्के सारखा असतो. पण तेवढ्याने कोणी कोणावर प्रेम करायला लागलेलं मी तरी पाहिलं नाही, त्यामुळे पुढे जाऊ.)

आधी बघा फाटतं कुठे

आपल्याला वाटतं भांडण होतं ते देव वेगळे म्हणून, ग्रंथ वेगळे म्हणून. थोडंफार होतही असेल. पण 1970 साली हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले ते बघा. मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कांडिन्स्की, आणि सांगितलं तू क्लेवाला, तू कांडिन्स्कीवाला. खरं तर वाटणी अशीच, चिठ्ठ्या टाकल्यासारखी केली होती. मुलं आपल्या गटात कोण आहे हेही ओळखत नव्हती, तरी पैसे वाटायला सांगितल्यावर स्वतःच्या गटाला जास्त द्यायला लागली. त्यातली खरी गंमत अशी की बऱ्याच वेळा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त मिळाले पाहिजेत अशी निवड करत होती. म्हणजे देव नाही, ग्रंथ नाही, जुना इतिहास नाही, फक्त एक लेबल, आणि काम झालं.

त्याच्याही आधी 1954 साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांनी साधारण 11 वर्षांच्या 22 मुलांचा कॅम्प घेतला होता, सगळी एकाच थरातली, एकाच धर्माची, प्रोटेस्टंट घरांतली. दोन गट पाडले, स्पर्धा लावल्या, थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालणं सुरू. पुढे या प्रयोगावर बरीच टीका झाली, की भांडण आपोआप पेटलं नाही, मोठ्यांनीच काड्या घातल्या. मला तर ती टीकाच जास्त कामाची वाटते, कारण बाहेरच्या जगातही बहुतेक वेळा कोणीतरी मोठा माणूस काड्या घालतच असतो आणि त्याला त्यातून काहीतरी मिळत असतं.

म्हणून पहिली सवय ही लावा. धर्मावरून राग आला की स्वतःला विचारा, मला यांच्या शिकवणीचा राग आलाय का यांच्या लेबलचा? शिकवणीचा असेल तर ती नेमकी कुठली शिकवण, एका वाक्यात सांगता येते का बघा. सांगता आली नाही तर तो राग लेबलचा आहे. आणि त्या वेळी जवळपास काडी घालणारं कोण आहे तेही बघा, टीव्हीवर असेल, फोनमध्ये असेल, कधी जेवणाच्या टेबलावर समोरच बसलेलं असेल.

नियम सगळीकडे आहे, वाद रेषेचा आहे

इथे जरा जास्त वेळ घालवतो, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे.

"जे स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नको" हा नियम जवळपास सगळीकडे सापडतो. कन्फ्यूशियसला त्याच्या शिष्याने विचारलं की आयुष्यभर पाळता येईल असं एकच काही आहे का, तर त्याने हेच सांगितलं. ज्यू गुरू हिलेलकडे एक परका माणूस आला आणि म्हणाला, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात मला तुमचा सगळा धर्म शिकवा, हिलेलने हेच सांगितलं आणि म्हणाला बाकी सगळं भाष्य आहे, जा आणि शीक. महाभारतात अनुशासनपर्वात हेच आहे, धम्मपदात आहे की सगळेच दंडाला भितात, तेव्हा स्वतःवरून दुसऱ्याला ओळखा आणि कोणाला मारू नका. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात आहे, हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात) आहे की जे स्वतःसाठी आवडतं तेच भावासाठी आवडेपर्यंत तुमच्यातला कोणी खरा श्रद्धावान नाही.

बरं, मग इतका एकमताचा नियम असताना माणसं एकमेकांना मारतात कशी? तर नियम मोडून नाही, बऱ्याचदा नियम पाळूनच. फक्त "दुसरा" म्हणजे कोण याची रेषा आत ओढून घेतात. भाऊ म्हणजे आपल्या धर्मातला भाऊ, शेजारी म्हणजे आपल्यातला शेजारी, जीव म्हणजे आपल्या बाजूचा जीव. त्या हदीसमधला भाऊ म्हणजे धर्मबंधू की कुठलाही माणूस यावर भाष्यकारांनी दोन्ही बाजूंनी लिहिलंय. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात "शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर" आहे आणि त्याच अध्यायात थोडं पुढे परक्यावरही तसंच प्रेम करायला सांगितलंय, म्हणजे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं की लोक शेजाऱ्याशीच थांबणार.

यावरची सगळ्यात धारदार गोष्ट बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि आपण तिचं पार गुळगुळीत करून टाकलंय. एक धर्मशास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? म्हणजे रेषा कुठे आखू ते सांगा. येशू गोष्ट सांगतो की एका माणसाला वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलं, याजक आला आणि पलीकडून निघून गेला, लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या कुळातला) आला तोही गेला, मग एक शोमरोनी आला, त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं आणि मालकाला दोन दिनार देऊन सांगितलं, याची काळजी घ्या, जास्त खर्च झाला तर परत येताना देतो. आता शोमरोनी म्हणजे कोणी नुसता दयाळू वाटसरू नव्हे. ज्यूंचं पवित्र स्थान यरुशलेम, शोमरोनींचं गरिज्जीम डोंगर, मोशेचे पाच ग्रंथ दोघांनाही मान्य, पण कुठे भजायचं यावरून पिढ्यान्‌पिढ्या हाडवैर. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या नजरेत तो पाखंडी होता, आणि गोष्टीचा हिरो तोच. शेवटी येशू उलटा प्रश्न विचारतो, या तिघांतला शेजारी कोण झाला? धर्मशास्त्री उत्तर देतो पण "शोमरोनी" हे नाव काही त्याच्या तोंडून येत नाही, तो म्हणतो, "ज्याने दया केली तो".

तर तुम्ही काय करायचं? ही गोष्ट आपल्या माणसांत बसून सांगायची आणि शोमरोनीच्या जागी आज तुमच्या गटाला ज्यांचं नावही नको असतं त्यांतला माणूस घालायचा. मनातल्या मनात करून बघा आधी. कुठे घसा अडखळतो तिथे तुमची रेषा आहे. ती तिथून एक पाऊल बाहेर सरकवायची एवढंच सध्याचं काम, एकदम विश्वाला कवेत घ्यायला जाऊ नका, ते फार सोपं असतं कारण विश्व कधी दारात येऊन काही मागत नाही, शेजारी मागतो.

तोंड सांभाळा

"ते लोक असेच असतात" हे वाक्य तोंडात आलं की थांबा आणि त्या जागी ओळखीच्या एका माणसाचं नाव घालून वाक्य पुन्हा म्हणा. "ते लोक विश्वासघातकी" च्या जागी तुमचं ऑपरेशन केलेल्या डॉक्टरचं किंवा ऑफिसात रात्री दोनपर्यंत तुमच्याबरोबर बसलेल्याचं नाव. वाक्य टिकत नाही बहुतेक वेळा. आणि त्या धर्मातलं एकही नाव आठवलं नाही तर तीही मोठीच माहिती आहे की तुम्ही ज्यांच्याबद्दल इतकं ठाम बोलताय त्यांतल्या एकालाही ओळखत नाही.

सम्राट अशोकाने साधारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी बाराव्या शिलालेखात नेमकं हेच कोरून ठेवलंय, गिरनारला आहे तो. त्याचा आशय असा की उगाच, विनाकारण आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, आणि जो आपल्या पंथाच्या भक्तीपायी, आपला पंथ चमकावा म्हणून असं करतो तो उलट आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो. एकमेकांचा धर्म ऐकून घ्या असंही सांगितलंय. मला यातली मजा अशी वाटते की त्याने पंथ मोडा म्हटलं नाही, वाद बंद करा असंही नाही, जीभ आवरा म्हटलं. राजाला कळलं होतं की माणसाच्या मनातलं आपण कोरून काढू शकत नाही, तोंडातलं मात्र थोडंफार आवरता येतं.

तुलना करायचीच असेल तर

क्रिस्टर स्टेंडाल नावाचे स्टॉकहोमचे बिशप होते. 1985 साली तिथे मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध सुरू होता तेव्हा त्यांनी दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचे तीन नियम सांगितले. एक, त्या धर्माबद्दल त्यांच्या माणसांना विचारा, त्यांच्या शत्रूंना नाही. दोन, तुमच्यातलं सगळ्यात चांगलं आणि त्यांच्यातलं सगळ्यात वाईट अशी तुलना करू नका. तीन, त्यांच्यातल्या एखाद्या गोष्टीचा पवित्र हेवा वाटायला जागा ठेवा.

दुसऱ्या नियमावर आपण सगळे सर्रास घसरतो. आपला संत घ्यायचा आणि त्यांचा दहशतवादी, आपलं तत्त्वज्ञान घ्यायचं आणि त्यांच्या गल्लीतली वागणूक, आपल्या ग्रंथातला उदात्त श्लोक आणि त्यांच्या ग्रंथातली लढाईच्या प्रसंगातली ओळ मागचापुढचा संदर्भ कापून. हे वादात जिंकायला ठीक आहे पण समजायला कुचकामी. तुलना संताशी संताची करा, गुंडाशी गुंडाची करा, आणि कागदावरच्याची कागदावरच्याशी.

पण खरा कस तिसऱ्या नियमात लागतो. दुसऱ्या धर्मातली अशी एक गोष्ट शोधा जी तुमच्याकडे नाही किंवा कमी आहे आणि जी असती तर बरं झालं असतं असं तुम्हाला खरंच वाटतं. "त्यांच्याकडे पण चांगलं आहे" असं मोघम नको, नेमकी गोष्ट. कोणाला दिवसातून पाच वेळा हातातलं काम सोडून उभं राहणं, कोणाला लंगरच्या पंगतीत सगळ्यांनी एकत्र खाली बसणं, कोणाला आठवड्यातला एक दिवस खरोखर काम बंद ठेवणं, कोणाला किड्यामुंगीचा विचार करून पाऊल टाकणं. हेवा वाटला म्हणजे धर्म बदलावा लागत नाही. नुसतं कबूल करायचं, तेही शक्यतो त्या धर्मातल्या माणसासमोर. त्याचा चेहरा बघा मग.

आपल्या उदारपणावर जरा शंका घ्या

हा भाग लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. प्रत्येक परंपरेत एक तरी मोठ्या मनाचं वचन आहे आणि आपण ते अभिमानाने पुढे करतो. ऋग्वेदात "एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति", म्हणजे सत्य एकच, जाणते लोक त्याला वेगवेगळ्या नावांनी बोलतात. गीतेच्या नवव्या अध्यायात, जे दुसऱ्या देवतांना श्रद्धेने भजतात तेही मलाच भजतात, पण तिथेच पुढे "अविधिपूर्वक" असंही आहे, म्हणजे पद्धत जरा चुकते त्यांची. व्हॅटिकनने 1965 च्या जाहीरनाम्यात म्हटलं की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, आणि तिथेही ख्रिस्त हाच मार्ग हे सोबत आहेच. वचनं सुंदर आहेत, मी नाकारत नाही. पण सगळ्यांचा रोख असा की तू आमच्याच घरात आहेस, फक्त तुला माहीत नाही. समोरच्याला कदाचित तुमच्या घरात यायचंच नसेल. त्याला त्याचं घर आहे.

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही तशीच. पाली साहित्यात ती आहे, श्रावस्तीचा राजा जन्मांधांना जमवतो आणि प्रत्येकाला हत्तीचा एकेक भाग दाखवतो. आपण ती सांगतो तेव्हा सोयीस्करपणे विसरतो की गोष्टीत एका माणसाला अख्खा हत्ती दिसतोय, आणि सांगताना तो डोळस माणूस नेहमी आपणच असतो. पुढच्या वेळी सांगायची असेल तर स्वतःला आंधळ्यांच्या रांगेत उभं करून सांगा, सोंड धरून. जैनांचा अनेकांतवाद मला म्हणून जास्त प्रामाणिक वाटतो, तिथे माझं विधानही एका बाजूने पाहिलेलंच आहे हे आधी मान्य करावं लागतं.

थोडक्यात "तू पण मनातून आमच्यातलाच" असं कोणाला कौतुक म्हणूनही म्हणू नका. विवेकानंदांचं 11 सप्टेंबर 1893 चं शिकागोतलं भाषण सगळ्यांना पाठ असतं, पण 27 सप्टेंबरचं समारोपाचं बोलणं फार कोणी काढत नाही. त्यात ते म्हणाले होते की ख्रिश्चनाने हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाही आणि हिंदू बौद्धाने ख्रिश्चन व्हायचं नाही, पण प्रत्येकाने दुसऱ्यातला भाव पचवायचा, आणि स्वतःचं वेगळेपण राखून आपल्याच नियमाने वाढायचं. महात्मा फुल्यांनी तर त्याच काळात याच्याही पुढे जाऊन एका घराचंच चित्र उभं केलं, बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी (म्हणजे फुल्यांनीच मांडलेल्या सार्वजनिक सत्यधर्माचा), आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता एका कुटुंबासारखं राहावं. बघा, इथेही कोणालाच कोणात विरघळवलेलं नाही. मला ते चित्र कुठल्याही "सर्वधर्म" पोस्टरपेक्षा अवघड वाटतं आणि म्हणून खरं वाटतं.

चर्चासत्र नको, काम काढा

अकबराने 1575 मध्ये फत्तेपूर सिक्रीला इबादतखाना बांधला, धर्मावर चर्चा व्हावी म्हणून. सुरुवातीला फक्त मुसलमान विद्वान बोलावले होते, आणि पहिलं भांडण कशावरून झालं माहितीये? कोणी कुठे बसायचं यावरून. म्हणजे एकाच धर्मातले लोक, राजाने बोलावलेले, आणि खुर्चीवरून जुंपली. नंतर हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती सगळे आले, बोलणी झाली, पण दोन बाजू जवळ आल्या असं काही झालं नाही, आणि नंतर बादशहाने जो वेगळा पंथ काढला त्यात मोजकीच दरबारी मंडळी होती.

त्याउलट मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने 1954 मध्ये मांडलं की गटांमधला पूर्वग्रह कमी व्हायचा तर नुसतं भेटून भागत नाही, भेटीत चार गोष्टी लागतात. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज लागायला हवी, आणि वरच्या लोकांचा किंवा संस्थेचा पाठिंबा हवा. 2006 मध्ये पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी 515 अभ्यास एकत्र तपासले तर चारही नसल्या तरी संपर्काने फरक पडतो असं दिसलं, असल्या तर जास्त पडतो. शरीफच्या त्या कॅम्पमध्येही पोरं एकत्र सिनेमा बघून किंवा एकत्र जेवून सुधारली नाहीत, उलट जेवताना एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची टाकी बंद पडली आणि दोन्ही गटांना मिळून दुरुस्त करावी लागली, ट्रक अडकला आणि सगळ्यांना मिळून ओढावा लागला, तसल्या गोष्टींनी हळूहळू वैर उतरलं.

म्हणून तुमच्या डोक्यात "आपण आंतरधर्मीय संवादाचा कार्यक्रम ठेवू" असं आलं असेल तर ते नंतर. आधी असं काहीतरी काढा जे कोणाचंच एकट्याचं नाही आणि एकट्याने होणारं नाही. सोसायटीच्या पाण्याचा प्रश्न, मुलांच्या शाळेची तक्रार, रक्तदान, आजारी माणसासाठी आळीपाळीने थांबणं. त्यात धर्मावर बोलूच नका, बोलायची वेळ आपोआप येते, कामाच्या मधल्या वेळात, आणि तेव्हा येणारे प्रश्न स्टेजवरच्या प्रश्नांपेक्षा खूप खरे असतात, "तुमच्यात मेल्यावर काय होतं असं मानतात?" असले. एकच काळजी घ्या, समान दर्जा. एक बाजू नेहमी देणारी आणि एक घेणारी असेल तर ते उपकार होतात आणि उपकाराने कोणी जवळ येत नाही.

साधनेत काय बदलायचं

ध्यान, प्रार्थना करणाऱ्यांसाठी. बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने पाचव्या शतकात मैत्रीभावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान, कशी करायची ते क्रमाने लिहिलंय, आधी स्वतःसाठी सुख मागा, मग प्रिय माणसासाठी, मग ज्याच्याबद्दल बरंवाईट काहीच वाटत नाही अशासाठी, आणि शेवटी वैऱ्यासाठी. क्रम महत्त्वाचा, वैऱ्यापासून सुरू केलं तर नुसती दातखीळ बसते. मग तो एक परीक्षा घेतो. तुम्ही, तुमचा प्रिय माणूस, तो तटस्थ माणूस आणि वैरी असे चौघं बसलेत, दरोडेखोर येतात आणि म्हणतात एक जण द्या, आम्हाला मारायचाय. "याला न्या" असं कोणाकडेही बोट दाखवलं तर आपल्या-परक्यातली भिंत अजून आहे. आपल्याला वाटतं "मलाच न्या" म्हटलं की जिंकलो, तर तेही नाही, तेव्हा तुम्ही स्वतःला बाकीच्यांपेक्षा वेगळं मापलं. चौघांपैकी कोणालाच द्यावंसं वाटत नाही तेव्हा भिंत पडली. आपल्या त्यागाचं कौतुकही इतक्या सहज काढून घेणारा व्यायाम मला दुसरा माहीत नाही. तटस्थ माणसाच्या जागी दुसऱ्या धर्मातला एखादा रोज दिसणारा पण कधी न बोललेला माणूस घ्या, रिझल्ट लवकर येतो.

आणि पसायदान रोज म्हणत असाल तर एका जागी थांबा. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, मागितलं ते खळांचा नाश नाही, त्यांचा वाकडेपणा जावो एवढंच, आणि लगेच पुढे भूतां परस्परें मैत्र जीवाचें. पाठ असल्यामुळे आपण त्यावरून सुसाट जातो. "खळां" म्हणताना डोळ्यासमोर कोण येतं ते बघा फक्त.

हे करू नका

एकता हे तोंड बंद करायचं औजार म्हणून वापरू नका. ज्याच्यावर धर्मावरून अन्याय झालाय, ज्याला घर नाकारलं, ज्याची थट्टा झाली, तो बोलायला लागला की "आपण सगळे माणूसच ना, कशाला धर्म आणतोस मध्ये" हे म्हणणारे फार असतात. धर्म त्याने मध्ये आणलेला नसतो, त्याला नकार देणाऱ्याने आणलेला असतो. आधी पूर्ण ऐका, खरं काय झालं ते विचारा, जमलं तर त्याच्या बाजूने उभे राहा. आणि स्वतःच्या धर्माच्या आतली वरखाली तशीच ठेवून बाहेरच्यांना एकतेचे संदेश पाठवायचे, हे तर फारच विनोदी आहे. चोखोबांनी "ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा" (ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो) म्हटलं त्याला 700 च्या आसपास वर्षं होत आली, अजून वरच्या रंगालाच भुलतोय आपण.

चुकीला चूक म्हणू नका असंही नाही. दुसऱ्या धर्मातली एखादी प्रथा माणसाला चिरडत असेल तर बोला, पण त्याच मापाने आधी आपल्यातलं मोजलेलं असू द्या आणि शक्यतो त्या धर्मात आतून लढणारे जे आहेत त्यांच्या मागे उभं राहून बोला, त्यांच्या डोक्यावरून नको.

फॅमिली ग्रुप आणि लहान मुलं

द्वेषाचा फॉरवर्ड आला की ग्रुपवरच काका-मामांना झापू नका. सगळ्यांसमोर कोणी माघार घेत नाही, उलट दुसऱ्या दिवशी दुप्पट येतं. खाजगीत लिहा, साधं, "मामा, हा व्हिडिओ जुना आहे आणि दुसऱ्याच जागेचा आहे असं दिसतंय, बघता का एकदा?" (खरंच तपासून लिहा मात्र, तुम्हीच चुकलात तर संपलं.) ग्रुपवर लिहायचंच तर एकच ओळ, "हे तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका". प्रवचन नको. लोक मुद्द्याने कमी आणि तुमच्याशी असलेल्या नात्याने जास्त बदलतात, म्हणून नातं जाळून मुद्दा जिंकू नका. पण फॉरवर्डमध्ये कोणाला मारायची, बहिष्काराची भाषा असेल तर तिथे नात्याची भीड नाही, तिथे सगळ्यांसमोर स्पष्ट "हे चुकीचं आहे" लिहायचं, मामा असो की कोणी.

आणि घरातलं पोरगं कधीतरी विचारणारच, "आपला देव खरा का त्यांचा?" तेव्हा "सगळे एकच" म्हणून पळ काढू नका, पोरांना थाप लगेच कळते. सांगा, "आपण असं मानतो, ते तसं मानतात, दोघांनाही आपलंच खरं वाटतं आणि मोठी मोठी माणसंही यावर हजारो वर्षं भांडलीयत. तू मोठा होऊन दोन्ही वाच आणि ठरव." त्याने पुढे विचारलं की मग त्यांच्यातल्या त्या मित्राशी खेळू का, तर म्हणा "तो काय मानतो ते त्यालाच विचार की, आणि अंधार व्हायच्या आत घरी ये".